थर्मास रिकामा येत नाही

७ जुलै, सोमवार

आली! सात वाजून पाच मिनिटांनी लाल गाडी वळणावर दिसली आणि अख्खं सादडपाणी ओरडलं. बारा घरांचं गाव, ओरडून ओरडून किती ओरडणार. पण समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला.

आजवर शिरपूरला जायचं म्हणजे घाट उतरून फाट्यापर्यंत सव्वा तास पायी, मग मिळाली तर जीप. आता रस्ता झाला, म्हणून एसटी आली. सकाळी वर येणार, आम्हाला घेऊन जाणार, संध्याकाळी आणून सोडणार. पण सध्या पंधराच दिवस, चालते का बघायला. कंडक्टर भूपेंद्रभाऊ, एरंडोलचे, त्यांनी स्पष्ट सांगितलं — वहिनी, रोज वरून निदान पाच माणसं बसली पाहिजेत आणि गाडी वेळेवर खाली पोचली पाहिजे. नाहीतर बंद होईल.

माझा सगळा जीव या गाडीत अडकलाय. दिपमाला दहावी झाली, अठ्ठ्याहत्तर टक्के. तिचे वडील, प्रेमराज, म्हणतात, शिरपूरला खोली करून पोरीला एकटं ठेवणार नाही, गाडी टिकली तर खुशाल जाऊ दे अकरावीला. म्हणजे नाही टिकली तर घरी. घरी बसवलेल्या पोरीचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मी दहावीच्या पुस्तकांना कव्हरं घातली आणि माझं लग्न ठरलं. कव्हरं छान घातली होती.

आज सगळं गाव गाडीत बसलं. माझ्या सासूबाई, भागाबाई — मी त्यांना आत्या म्हणते — चपला काढूनच चढल्या. ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या आजी. "पहिली बार शे," म्हणाल्या आणि शिरपूरपर्यंत चपला मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरच्या शेजारी. त्याच्याशी काय बोलत होत्या कोण जाणे, वाटभर तोंड बंद नव्हतं.

८ जुलै

घात झाला. काल सगळेच जाऊन आले, सगळ्यांची कामं एकाच दिवसात उरकली. आज कुणालाच काही काम नाही. गाडी रिकामी उतरली. आम्ही पारावर उभे राहून बघत राहिलो. अशी अक्कल फक्त आमच्याच गावाला.

९ जुलै

दिपमालाच्या जुन्या वहीचं मधलं पान फाडून पाळी लावली. कुठल्या घरचं कोण, कुठल्या दिवशी. रोज पाच जण. काम नसेल तर शोधायचं!

आत्या डोक्यावर येऊन उभ्या. "काय लिखी राह्यनी एवढं?" मी म्हटलं, गाडीची पाळी. "वाची दाखाड." सगळं वाचून दाखवलं. मग यादी माझ्या हातून घेतली आणि बारा घरी स्वतः फिरवली. वाचता येत नाही, पण कुणाचं नाव कितव्या ओळीवर ते एकदा ऐकून पाठ.

११ जुलै, शुक्रवार

रूपचंदनानांनी धमाल केली. वय एक्क्याऐंशी, त्यांना प्रवास फुकट, म्हणून स्वतःची पाळी धरून आजाऱ्यांचीपण तेच करतात. शिरपूरच्या स्टँडवर दिवसभर बसतात आणि संध्याकाळी परत. स्टँडवर कुणीतरी विचारलं, कुठे निघालात म्हणून, "कथा चालना नाना?" नाना म्हणाले, "कथाच नही. गाडीम्हा बसाले उनू."

तीन दिवसांत दोनदा दाढी आणि एकदा केस. न्हावी म्हणाला म्हणे, नाना, आता कापायला काही उरलं नाही.

खूप हसलो आज. दिपमाला तर पोट धरून.

१२ जुलै

हसू जिरलं. भूपेंद्रभाऊ म्हणाले, वहिनी, माणसं भरताहेत पण गाडी रोज अर्धा-पाऊण तास उशिरा जाते. खालच्या गावातली शाळेची पोरं खोळंबतात, त्यांच्या पालकांनी लिहून दिलंय.

उशीर कशानं, ते त्यांनाही माहीत, आम्हालाही. चहानं! गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टरला रोज एका घरी नेतात. नुसता चहा कुठला, कळण्याची भाकरी, ठेचा, पाट मांडून. परवा तर भरीत होतं. ते बिचारे नको नको म्हणतात, ऐकतं कोण.

आत्यांना सांगितलं, चहा बंद करा. त्या अशा बघायला लागल्या जसं मी देवाला नैवेद्य दाखवू नका म्हटलं. "गाडी आपली पाव्हणी शे. चहा पाजाबिगर कशी धाडशी?"

मी चिडले. म्हटलं, पाव्हणी परत आलीच नाही तर चहा कुणाला पाजाल? नातीला घरी बसवायचंय का? जरा जास्तच बोलले. आत्या उठून आत गेल्या. जेवल्यापण नाहीत.

१३ जुलै, रविवार

सकाळी उठून बघते तर आत्या चुलीपुढे आणि हातात थर्मास. माझ्या बाळंतपणातला, माळ्यावरून काढलेला. दिपमालाच्या वयाचा. धुऊन, उकळत्या चहानं भरून पारावर जाऊन बसल्या. गाडी आली, वळली, खिडकीतून थर्मास आत. सात दहाला गाडी घाटात!

मी आत्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, सरक, दूध ऊतू जाईल.

१४ जुलै

संध्याकाळी थर्मास परत आला. घासून लख्ख, आणि आत फुटाणे. भूपेंद्रभाऊंच्या बायकोनं घातले. भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, एरंडोलला पण तसंच म्हणजे. आत्यांना बाईचं फार कौतुक वाटलं. "घरंदाज शे."

१७ जुलै

परवा बडीशेप-खडीसाखर, काल शेव, आज मेथीचं बी. आत्यांनी ते वाफ्यात टाकलंसुद्धा. आता थर्मासात काय आलं ते बघायला निम्मं गाव संध्याकाळी पारावर जमतं.

गाडी पाच दिवस वेळेवर. प्रेमराज आज आपणहून म्हणाले, पोरीला दप्तर नवं घ्यायला लागेल. मी भाकरी थापत राहिले. पण एक भाकरी केवढी मोठी झाली!

१८ जुलै

दिपमाला वहीच्या मागच्या पानावर सही करायला शिकतेय. इंग्रजीत.

२० जुलै, रविवार

उद्या पंधरावा दिवस. संध्याकाळी गाडीला कंडक्टर दुसराच. थर्मास हातात दिला आणि घंटी मारली. आत काही नाही. चहाचा वाससुद्धा धुतलेला नाही.

पारावरची माणसं पांगायला लागली. रूपचंदनाना काठी उचलून घरी गेले. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दिपमाला विचारते, आई, बंद झाली का गं? मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. आत्या थर्मास राखेनं घासत बसल्यात, तिसऱ्यांदा.

२१ जुलै, सोमवार

भूपेंद्रभाऊच आले. काल दुपारपासून सुट्टीवर होते, बदलीच्या माणसाला थर्मासचं काही ठाऊक नव्हतं. गाडी कायम!

संध्याकाळी थर्मास आला. आत गुंडाळलेले दोन कागद. एक दिपमालाच्या पासचा फॉर्म. दुसरा सतरा नंबरचा, दहावी बाहेरून देण्याचा. मी म्हटलं, भाऊ, हा चुकून आला, पोरगी दहावी झाली आमची. ते म्हणाले, चुकून नाही. आजींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या तेव्हा. गाडी टिकनी तर दोन फॉर्म आन. एक नातना, एक वहूना.