हाताला येतं, डोळ्यांना नाही

प्रिय ताई,

फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणशील. सांगते, पण आधी हे ऐक आणि धीराने घे. मला वाचता येत नाही. डोळे शाबूत आहेत, चष्म्याचा नंबरही तोच. गेल्या महिन्यात सकाळी पेपर उघडला, तर एक अक्षर लागेना. मला वाटलं छपाईच बिघडलीय. जिन्यात पेपरवाल्याला गाठून चांगलं सुनावलं. बिचाऱ्याने मुकाट्याने दुसरा पेपर दिला. तोही तसाच.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. वाचायची वाट बंद झाली, लिहायची उघडी आहे. असंही होतं म्हणे. म्हणजे मी लिहू शकते, पण लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. जन्मभर भाषणांतून सांगत फिरले की लेखक हा स्वतःचा पहिला वाचक असतो. घ्या आता!

घरातलं कसंबसं निभावते. डबे वासावरून ओळखते, गोळ्या रंगावरून. परवा शाम्पू समजून फरशी पुसायचं औषध केसांना लावलं. हसू नकोस, केस चकचकीत झाले. पण कादंबरीचं काय करू? शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. लिहिणं सुटलं तर मी कोण उरते ग? दुसरं मला काय येतं?

म्हणून ओळीखाली पट्टी धरून रोज लिहिते, आणि संध्याकाळी तुझे मेहुणे ते वाचून दाखवतात. ज्या माणसाने माझं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही, तो आता आवाजात चढउतार आणून वाचतो. मला भरून यायचं. वाटलं, चला, निभावलं.

परवा मी आईचं मरण लिहिलं, कादंबरीतल्या आईचं. लिहिताना ढसाढसा रडले. ह्यांनी वाचलं, त्यात ती उठून बसली आणि खिडकी उघडायला सांगू लागली. मी विचारलं, ती गेली ना? ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू लिहिलंयस तेच वाचतोय."

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. माझ्या दुखण्याला घाबरून ह्यांनी मरण गाळलं? की माझा हातच भलतं लिहितो? की कागदावर नुसत्या रेघोट्या आहेत, आणि हा भला माणूस रोज आपल्या मनाने गोष्ट रचून मला ऐकवतोय? पुन्हा विचारलं तर तेच उत्तर मिळेल. शेजारी नेऊन दाखवायचा धीर होत नाही. ताई, मी फार घाबरलेय.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू आलं असतं, लिहिणं दिसलं नसतं. म्हणून ह्यांच्या नकळत हे लिहितेय. पाकिटावरचा पत्ता वॉचमनकडून घालून घेईन. माझं पहिलं पुस्तक वाचून तू तोंडावर म्हणाली होतीस, कंटाळा आला. मी वर्षभर अबोला धरला होता. आज मला तशीच बोलणारी तू हवी आहेस. हे पत्र तुला लागत असेल, तर फोन कर आणि यातलं कुठलंही एक वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव. चुकलं असेल तर चुकीसकट वाच. आणि लागत नसेल, तर मी काय मागतेय हेही तुला कळणार नाही, आणि मी फोनपाशी बसूनच राहीन.

वाट बघणारी तुझीच,
छोटी