साध्या गाडीतला पाऊस मोड

१२ नोव्हेंबर, बुधवार

ती. दाजींना नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. हिचा खोकला गेला. वर्कशॉपचं छप्पर गळत होतं, ते मी स्वतः चढून बंद केलं. तुमचा गुडघा आता पूर्ण वाकतो, असं ताई फोनवर म्हणाली. त्याच फोनवर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. येत्या सोमवारी तुम्ही ड्रायव्हिंग शिकवण्याचा परवाना परत करणार आहात. का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणता, "माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत."

हातांचा विषय निघालाच आहे, तर आधी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो. अकराव्या वर्षी, भंगारातल्या तीन पंख्यांमधून एक चालता पंखा. पंधराव्या वर्षी बॅटरीचा चार्जर. त्याने दोनदा घराचा फ्यूज उडवला, तिसऱ्यांदा नाही. ताईच्या स्वयंपाकघरातली सरकती फळी. वर्कशॉपमधली गाडी उचलायची लिफ्ट, तेलाचा पंप सोडला तर जिचा एकही भाग विकतचा नाही. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सातही गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक. एकोणीस वर्षांत तो एकदाही दगा देऊन गेला नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात. हे सगळं कॉलेजची पायरी न चढता, पुस्तकं उलटीपालटी करून आणि चटके खाऊन.

आणि तो नॉब.

त्याच्याबद्दल आपण पाच महिन्यांत एक अक्षर बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत, कारण तुमच्या मनात तसं काही आलंच नाही. मी का बोललो नाही, त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही ती लाल गाडी घेतलीत तो दिवस आठवतो. ताई दारातच म्हणाली होती, "जन्मभर लोकांवर 'हळू, हळू' म्हणून ओरडलात, आणि आता हे काय थेर?" तुम्ही म्हणालात, "अगं, तेवीस वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये काढली. पुढचे कसे असतात ते बघू तरी दे!" सेकंडहँड होती, साधं मॉडेल होतं, पण तुम्ही तिच्याभोवती दोन चकरा मारल्यात आणि मग उगाचच काच पुसलीत.

त्या गाडीचं साधं मॉडेल आणि महागडं मॉडेल यांत इंजिन एकच, कॉम्प्युटर एकच. महागड्यात दोन सीटच्या मधे एक गोल नॉब असतो, चार मोडचा: पाऊस, शहर, स्पोर्ट, ट्रॅक. फिरवला की पेडलचा जोर, गिअर, घसरण आवरणारी यंत्रणा, सगळं त्या त्या मोडप्रमाणे बदलतं. साध्या गाडीत शहर आणि स्पोर्ट एवढंच, तेही एका बटणावर. नॉबच्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण. मी ते पहिल्यांदा उचकटलं तेव्हा खाली वायर तयार, जोडणी तयार. माझं डोकंच फिरलं. ज्याला परवडत नाही त्याच्या नाकासमोर वस्तू ठेवायची आणि वर झाकण लावायचं! चार महिने खपून मी त्या कॉम्प्युटरला 'ही महागडी गाडी आहे' असं पटवणारी पेटी बनवली. नॉब स्वतः लेथवर काढला. अॅल्युमिनियमचा, प्रत्येक मोडला टक् असा आवाज येणारा. कंपनीच्या नॉबचा आवाज पोकळ येतो, माझा येत नाही. बसवायला चाळीस मिनिटं. तुमच्या आधी तीस गाड्यांत बसवला होता.

तुम्ही नको म्हणत होतात. "आहे त्यात माझं भागतं रे, इंजिनिअरसाहेब." चिडवायला तुम्ही मला तसं म्हणायचात, आणि ते चिडवणं मला किती आवडायचं तेही तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दाजी, तुमच्याच गाडीतलं आहे. तुम्ही पैसे मोजलेलं आणि तुमच्यापासून लपवलेलं." तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं बाबा, मग पावसाचा तेवढा दे. तुझी ताई शेजारी असते. बाकीचे तुझ्याकडेच ठेव."

हे वाक्य मी पाच महिने रोज ऐकतो आहे.

१९ जूनला ताईचा नवा चष्मा आणायला निघालात. रस्ता ओला होता. तुम्ही नॉब पावसावर फिरवलात. शहाण्या माणसाने जे करायचं तेच केलंत. त्या लांब वळणावर गाडीची मागची बाजू सुटली आणि कठड्यावर गेली. तुमचं मनगट, तुमचा गुडघा. ताईचं कंबरेचं हाड. ती काठी घेऊन चालते आणि "आता मला कुणी रांगेत उभं करत नाही" असा विनोद करते. तुम्ही तिच्याबरोबर हसत नाही, हे मी पाहिलं आहे. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, 'चालकाचा ताबा सुटला.' तुमच्याच हाताखाली शिकलेले लोक कोपऱ्यावर उभे राहून कुजबुजले, आणि तुम्ही ते खरं धरून चाललात.

मोडकी गाडी माझ्याकडे आणली होती. विम्याचा माणूस अकराला यायचा होता. मी साडेआठला आत शिरलो, नॉब काढला, पेटी काढली, आणि ते काळं झाकण जागच्या जागी दाबून बसवलं. इतकं चपखल बसलं की त्या माणसाने त्यावरच आपली फाइल ठेवली. विमा नाकारला तर ताईचे उपचार अडतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मी घाबरलो होतो.

तोपर्यंत मला नुसती शंका होती. तिसऱ्या दिवशी गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचली. धडकेच्या आधीचे पाच सेकंद त्यात असतात.

आता नीट वाचा, कारण हे तुमच्याबद्दल आहे. वेग बहात्तर, त्या रस्त्यावर ऐंशीची परवानगी आहे. मागची बाजू सुटल्यावर एक चतुर्थांश सेकंदाच्या आत तुमचे हात उलट दिशेला फिरले, आणि जेवढे फिरायला हवे होते तेवढेच. घाबरून ब्रेकवर पाय दिला नाहीत. पेडल सोडलंत, तेही हळू. हजार लोकांना हे शिकवलंत, आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा तंतोतंत केलंत. तुमच्या हातांची काहीही चूक नाही, दाजी. चूक माझ्या पेटीची आहे.

महागड्या मॉडेलमध्ये मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारा भाग विजेवर चालतो. पाऊस मोडमध्ये गाडी घसरली की कॉम्प्युटर आधी त्या भागाला हुकूम देतो, आणि मग ब्रेक लावतो. साध्या गाडीत तो भागच नाही. माझ्या पेटीमुळे कॉम्प्युटर नसलेल्या भागाला हुकूम देऊन वाट पाहत बसला. शून्य पूर्णांक चार दशांश सेकंद. तेवढ्यात गाडी गेली. झाकणाच्या जागी माझा नॉब नसता तर तिने सुटल्या क्षणी एकेका चाकाला ब्रेक लावून स्वतःला सावरलं असतं.

मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. स्पोर्ट आणि ट्रॅक मी रिकाम्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर चालवून पाहिले. पाऊस मात्र वर्कशॉपच्या अंगणात, पाइपने पाणी मारून, तीसच्या वेगाने. तीसला तो हुकूम निघतच नाही. सत्तरच्या वर निघतो. पाऊस हा सगळ्यांत मवाळ मोड, त्यात काय बिघडणार, असं मी धरून चाललो. कंपनी लोभी नाही असं मी म्हणत नाही. ट्रॅक मोडचं कुलूप निव्वळ पैशांसाठी आहे, हे मी आजही लिहून देईन. पण पावसाचं कुलूप त्या गाडीला हवंच होतं. मला ते कळलं नाही. शिकलेल्या माणसाला कळलं असतं की नाही, हा विचार मी खूप केला. आता सोडून दिला. मला कळायला हवं होतं.

सोबत तीन कागद आहेत. पहिला, त्या पाच सेकंदांची नोंद. तुमच्या हातांची रेघ मी लाल पेन्सिलने दाखवली आहे. दुसरा, परवाना कार्यालयासाठी माझा जबाब, सहीसकट. तिसरा विमा कंपनीला. त्याची मूळ प्रत मी आज रजिस्टरने पाठवली, झाकणाचा प्रकार त्यात जसाच्या तसा आहे. त्यांनी पैसे परत मागितले तर माझ्याकडून घ्यावेत, असंही लिहिलं आहे. ताईला त्यातलं काही भरू देऊ नका. सोमवारी कार्यालयात जरूर जा, पण परवाना खिशातच राहू द्या आणि दुसरा कागद टेबलावर ठेवा.

बाकी तीस गाड्यांपैकी पंचवीस परत बोलावून पेट्या काढल्या. पाच जण ऐकत नाहीत. एक जण म्हणाला, "मास्तर, एकदा खाऊ घातलंत आणि आता तोंडातला घास काढता होय?" मी त्याच्या दारात उद्या पुन्हा जाणार आहे.

हे सगळं आधी हिला सांगितलं. पोळपाटावरचा हात थांबवून म्हणाली, "मला कशाला सांगताय? त्यांना लिहा. लिहून झालं की जेवायला या." म्हणून बसलो.

ताईला वेगळं पत्र लिहिणार होतो, जमलं नाही. तिला हेच वाचून दाखवा, किंवा नका दाखवू. तुम्हाला योग्य वाटेल तसं. तिने मला लहानपणी हाताला धरून शाळेत नेलं होतं. तिच्याकडे पाहून हे बोलण्याची माझी छाती नाही.

आता शेवटचं. हे तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गेल्या गुरुवारी चौदा गॅरेजांचा एक मालक वर्कशॉपवर आला होता. त्याला पेटी आणि नॉब विकत हवे होते, सगळीकडे बसवायला. नॉबवर माझं नाव कोरणार होता. करारात एकच ओळ त्याच्या वकिलाने वेगळी घातली होती: 'या उपकरणामुळे आजवर एकही अपघात झालेला नाही.' तिच्याखाली सही. मी लगेच नाही म्हणालो असतो तर शोभलं असतं, पण म्हणालो नाही. पाच दिवस मागून घेतले. कागद दोनदा टेबलावर पसरला, एकदा पेनाचं टोपणही काढलं. काल दुपारी जाऊन तो कागद सही न करता परत देऊन आलो. सत्तावीस लाख देत होता.

तुमच्या समोर यायची हिंमत गोळा करणारा,
तुमचा मेहुणा