चौदावी दुरुस्ती आणि माझं अनुमोदन

सोलापूर, ता. ८ जानेवारी १९७४

थोरल्या वन्सं सोजरबाईंना विजयमालाचा वाकून नमस्कार.

माढ्याला यंदा थंडी फार आहे असं ऐकलं. गुडघ्यांना गरम तेल लावता ना? (लावत नसणार. तुमचे भाऊही असेच होते.) मी बरी आहे. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी संध्याकाळी हात दोन कप चहा टाकतो आणि दोन्ही मीच पिते. तब्येतीला मानवलाय.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या वाचनालय संघानं पुस्तकांच्या नोंदवहीचा एक नमुना ठरवलाय. कुठल्या रकान्यात काय लिहायचं आणि काय नाही, हे त्यात कलमवार सांगितलंय, आणि संघातल्या सगळ्या वाचनालयांनी तसंच लिहायचं. त्यातल्या 'किरकोळ भाषिक दुरुस्त्या' मंजूर करायला रविवारी सात रस्त्याजवळ सभा झाली. दुरुस्त्या तेवीस. सूचक पंचाक्षरी मास्तर, अनुमोदक मी. (सात वर्षं मीच. पहिल्या सभेत कुणी तोंड उघडेना म्हणून मी उघडलं, ते तसंच राहिलं.) मास्तर वाचायचे, मी "अनुमोदन" म्हणायची, की पुढची. तेराव्या दुरुस्तीतल्या एका स्वल्पविरामावर मास्तर पाव तास बोलले, तेव्हा माझं लक्ष शेजारी बसलेल्या जगदेवीच्या डब्यातल्या शेंगापोळीकडे गेलं. तेवढ्यात चौदावी आली. देणगीदार म्हणजे 'पुस्तक देणारी व्यक्ती' असं होतं, तिथं 'पुस्तक देणारा हयात सभासद' असं करायचं. वाक्य भारदस्त होतं म्हणे. मी म्हटलं, "अनुमोदन."

जगदेवीनं कोपरानं ढोसलं. "अवो वैनी, झोपलाव का? तुमच्या मालकाचं नाव उडालं की!"

वन्सं, ह्यांनी दिलेली एकशे बारा पुस्तकं आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. ह्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, पण देणगीदाराच्या रकान्यात माझ्या हातानं एकशे बारा वेळा लिहिलंय. मी उठून हरकत घेतली.

मास्तर म्हणाले, "विजयमालाबाई, स्वतःच्याच अनुमोदनाला हरकत? असं संघात कधी झालं नाही."

"आत्ता झालं की," मी म्हटलं.

मग त्यांनी नियम शोधला. हरकत पुढच्या सभेत घेता येते, पण तिलाही अनुमोदक पाहिजे. बाकीच्या बायकांना बोलायची सवयच नाही (माझ्यामुळेच लागली नाही). जगदेवी म्हणाली, "म्या देते की!" पण ती सभासद नाही, नुसती डबा घेऊन माझ्या सोबतीला येते.

बाकी सगळं ठीक. शेंगापोळी मात्र लई झकास होती.

तुमची,
विजयमाला

ता. क. पुढची सभा येत्या रविवारी आहे. तुमचं नाव अजून आमच्या सभासदांत आहे. सकाळच्या गाडीनं या. एकच शब्द बोलायचाय.

आणखी एक. काल कपाट पुसताना पाहिलं, त्यातल्या तीन पुस्तकांवर माढ्याच्या वाचनालयाचा शिक्का आहे. ह्यांच्याकडून परत करायची राहून गेली असणार. येताना पिशवी आणा, जाताना ती तिन्ही घेऊन जा आणि तिथल्या फळीवर गुपचूप ठेवा. कुणी विचारलं तर मला काही ठाऊक नाही. आमच्या वहीतून मात्र ह्यांचं नाव मी त्या तीन ओळींतूनही खोडणार नाही.