चौदा लॅम्पशेड आणि तेहतीस किलो हवा

ती. भावोजींना वाकून नमस्कार,

गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की हल्ली जिना चढताना तुम्ही दोनदाच थांबता. ऐकून फार बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (सासूबाईंना बसायला घरात खुर्ची उरलेली नाही, एवढं सोडलं तर. त्यावर ओळीने लॅम्पशेड बसलेत.) मागच्या खेपेला तुम्ही माझे कागदी लॅम्पशेड हातात घेऊन म्हणाला होतात, की फुंकर मारली तर उडतील. भावोजी, खरंच उडाले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

त्याचं असं झालं. हे शेड मी इंटरनेटवर विकते आणि जाहिरातीत मोठ्या दिमाखात ‘घरपोच मोफत’ असं लिहून बसले आहे. सहाशे ग्रॅमची वस्तू, पाठवायला असं कितीसं लागणार? गेल्या महिन्यापर्यंत लागतही नव्हतं. मग कुरियरवाल्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, एकदम बिल आलं: ‘आकारमानी वजन अठरा किलो’, आणि खोकं मोठं म्हणून वर वेगळा अधिभार! आता आमचे हे शाळेत आठवीला घनफळ शिकवतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे झोपेतसुद्धा म्हणतात (मी स्वतः ऐकलंय). पण गणित बहुधा शाळेच्या कपाटातच कुलूपबंद होत असावं, कारण यांनी बिलातलं ‘आकारमानी’ सोडलं, नेमकं ‘वजन’ तेवढं वाचलं आणि निकाल दिला की शेड हलका करायला हवा.

झालं. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. तार बारीक केली, कागदाचे दोन थर होते तिथे एक आणला, डिंकसुद्धा पातळ केला. स्वयंपाकघरातला काटा यांच्या टेबलावर गेला आणि मी पीठ अंदाजाने घेऊ लागले. शेवटी चारशे दहा ग्रॅम भरले तेव्हा यांना अगदी धन्य धन्य झालं. पण शेड आता इतका नाजूक झाला, की शेजारी कुणी शिंकलं तरी पोचा येईल. म्हणून भोवती कागदाचे बोळे जास्त, म्हणून खोकं मोठं. ते घेऊन मी कुरियरच्या ऑफिसात गेले, तर तिथल्या माणसाने ते काट्यावर ठेवलंच नाही. टेपने तीन बाजू मोजल्या आणि शांतपणे म्हणाला, "तेहतीस किलो."

मी खोकं एका बोटावर उचलून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, गाडीत जागा तर अडतेच ना? वजन आणि जागा, दोन्हींत जे जास्त भरेल ते आम्ही धरतो." माझ्या पुढच्या गृहस्थांची लोखंडी बिजागऱ्यांची पेटी दोघांनी कण्हत कण्हत उचलली, आणि त्यांना माझ्यापेक्षा कमी पैसे पडले! (तेहतीस किलो होईपर्यंत माझ्या खोक्यात बिजागऱ्या फुकट गेल्या असत्या, हे मला बाहेर आल्यावर सुचलं.) घरी येऊन यांना सांगितलं. हे कागदावर तीन बाजू मांडून गुणाकार करू लागले आणि मग म्हणाले, "अगं, हे तर घनफळ!" त्या क्षणी मी हातातली कात्री खाली ठेवली, हे माझ्या संयमाचं उदाहरण म्हणून ताईला जरूर सांगा.

आता खरी अडचण. एका नव्या हॉटेलने भोजनगृहासाठी शेड मागवलेत. वीस तारखेच्या आत धड पोचले तर वरच्या सगळ्या खोल्यांचं काम मला, नाहीतर सौदा रद्द. कुरियरने पाठवावेत तर शेडच्या किमतीपेक्षा पाठवणावळ जास्त. गोल असल्यामुळे ते एकात एक बसत नाहीत. दाबले तर चपटे होतात का हे यांनी करून पाहिलं. पंधरा होते, चौदा राहिले. हे काम गेलं तर मला पुन्हा गणवेशांची काजं करायला बसावं लागेल. भावोजी, अकरा वर्षं काजं केली, आता नाही हो करवत. या शेडमधला दिवा लागल्यावर भिंतीवर जो उजेड पडतो ना, तो मी केलेला असतो.

असो. तुम्हाला उगाच काळजी नको. गुडघ्याला शेक चालू ठेवा, मुलांना पापे.

तुमची धाकटी मेव्हणी

ता. क. ताई सहज बोलून गेली की एकोणीस तारखेला तुम्ही सगळे मोठ्या गाडीने हॉटेल आहे त्याच शहरात लग्नाला निघालायत. खोकी नकोत, शेड चादरीत गुंडाळून देते. अहो, वजन काहीच नाही, थोडी जागा लागेल इतकंच.

ता. क. दुसरा: यांनी या वेळी घनफळ नीट काढलंय. मागच्या सगळ्या सीट पाडल्या तर चौदाही बसतात. ताई आणि मुलांसाठी सकाळची बस चांगली आहे म्हणे. ताईला मी अजून बोललेले नाही. तुमच्या तोंडून बरं दिसेल.

ता. क. तिसरा: पेट्रोलचा माझा वाटा मी देणार म्हणजे देणारच. सगळे मिळून पावणेसहा किलो भरतात, त्या हिशेबाने.