मीच मुराळी

आई, आज समोरच्या बिऱ्हाडातल्या पोरीनं गल्लीतलं एक लंगडं कुत्रं घरात घेतलं आणि येईल-जाईल त्याला सांगत सुटली, "रेस्क्यू केलंय!" कुत्रं शेजारी बसून शेपटी हलवत होतं. त्याला कळत नाही तेच बरं, असं माझ्या मनात आलं आणि मग दिवसभर तूच डोक्यात. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडायला मला अजून तूच लागतेस.

नव्वदीतली ती वर्षं, मी सासरी, आपण राहायचो त्याच कानडी शहरात, जे. पी. नगरला. माणसं मूळची पुण्याची, बोलणं मऊ. कुणी हात उगारला नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त पाहुणे आले की सासरे हसून सांगायचे, "हिला आम्ही रेस्क्यू केलं. यशवंतपूरला एका खोलीत राहायची, वडील नाहीत, आई गारमेंटमध्ये बटणं लावते." पाहुणे कौतुकानं बघायचे, नवरा पेपरातून मान वर काढायचा नाही, आणि मी चहा पुढे करायचे. माझी नोकरी सुटली, तुझ्याकडे येणं सुटलं. कशालाही नाही म्हणायची सोयच नव्हती. उपकार करणाऱ्यापुढे तोंड कसं उघडायचं? एकदा तू जेवायला आलीस आणि तुझ्यादेखत ते झालं. स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलंस, "रेस्क्यू म्हंजे काय गं?" मी म्हटलं, "बुडणाऱ्याला बाहेर काढणं." पदराला हात पुसत तू म्हणालीस, "आपण कधी बुडालो हुतो?"

आपल्या निपाणीकडं पंचमीला लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो, भाऊ नाहीतर बाप, आणि त्याला एकट्याला कुणी परत लावत नाही. त्या पंचमीच्या आदल्या दिवशी दार उघडते तर तू उभी, इरकल नेसून, हातात लाह्या आणि लाडवांची पिशवी. सासूबाई म्हणतात, "अहो, मुराळी म्हणून भाऊ येतो ना?" तू म्हणतेस, "भाऊ न्हाई तिला. मीच मुराळी." सणाच्या माणसाला नाही कोण म्हणणार! "दोन दिवसांत पाठवा," सासरे म्हणाले. "सरी, बरं," तू म्हणालीस, आणि मला सांगितलंस, "कापडं जास्तीची घे गं, पावसात वाळत न्हाईत."

मॅजेस्टिकला बस बदलताना, हे काही दोन दिवसांचं नाही, असा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी भर स्टँडवर तुझ्यावर ओरडले. "कुणी बोलावलं होतं तुला? मी एका शब्दानं तरी म्हटलं होतं?" लोक बघायला लागले. तू शांतपणे म्हणालीस, "पंचमीला बोलावणं लागतं व्हय? चल, इडली खाऊ. भूक लागलीय मला." काय संताप आला होता तुझा! पण इडली खाल्ली.

पंचमी गेली, गौरी आल्या, दसरा झाला. सासरहून निरोप येत राहिले, मी पुन्हा नोकरीला लागले. शेजारच्या बाई विचारायच्या, "अक्का, लेक कधी जाणार?" तू बटणातून मान वर न काढता, "स्वल्प थांबा. पंचमी व्हायचीय अजून." नातेवाईक तुझी पाठ थोपटायला आले, 'पोरीला सोडवलीस हो, वाघीण आहेस,' तर म्हणालीस, "छे! सणाला आणलीय."

हे कुठं पाठवणार आहे मी? पण लिहायलाच बसले आहे तर खरं सांगते. ते सगळे महिने मी कान टवकारून होते. तू एकदा जरी कुणापाशी म्हणाली असतीस ना, की मी हिला वाचवली, तर मी त्याच पावली परत गेले असते.