कोळंबीच्या अंगाला लागलेली पेंड

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळी स्कूटरवरून कुपवाडला गेले, खाद्याचे नमुने तपासले, सहाला घरी आले. दुपारी एक फोन आला, तेवढाच वेगळा.

आई, तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हा आमच्या कारखान्यात कोळंबीचं खाद्य मासळीच्या भुकटीचं असायचं. मी दारात आले की तू पदर नाकाला लावायचीस. "आला गं बाई बाजार! आदी आंगूळ कर, मग आत ये." तू माळकरी. आता आम्ही भुकटी जवळजवळ काढून टाकली, सोयाबीनच्या पेंडीचं खाद्य करतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हंजे कोळंबीलाबी माळ घातली म्हना की!"

ही कृती माझी आहे. पेंडीतलं सगळंच कोळंबीला पचत नाही, म्हणून ते फोडून देणारी एन्झाइमची पावडर आम्ही त्यात मिसळतो. पण कृष्णाकाठच्या खारवट जमिनीत तळं केलेले एक काका दोनदा येऊन सांगून गेले, "मॅडम, कोळंबी खाती लय, पर अंगाला लागत न्हाई." साहेब म्हणाले, आणखी एकदा करून बघू, नाहीतर परत मासळी.

त्या दिवशी मी यंत्रापाशीच उभी राहिले. कोळंबीचं खाद्य पाण्यात लगेच विरघळू नये म्हणून जास्त वाफवावं लागतं. बाहेर पडणारे दाणे मुठीत घेतले आणि चटका बसून टाकून दिले. तिथेच मला आपल्या कुंडलच्या घरातली, स्वयंपाकघरातली तू दिसतेस. मी सहावीत आहे, पाहुणे यायचेत, घाईघाईत मी कडत दुधात विरजण घातलंय आणि सकाळी दही लागलेलंच नाही. तू पातेलं माझ्यापुढे आदळतेस. "मारलंस की गं विरजण! आदी बोट बुडवून बगावं. चटका बसला तर दम धरावा." पावडरच्या पिशवीवर उष्णता सोसेल असं छापलं होतं, त्यावर आम्ही विसंबलो होतो. पण वाफेत तीही विरजणासारखी मरत असणार, म्हणून मी ती वाफेआधी घालणं बंद केलं. दाणे निवल्यावर पाण्यात कालवून वरून फवारली, मग तेलाचा हात दिला.

आज काका फोनवर ओरडतच होते, "मॅडम, आता लागतंय बगा अंगाला! जाळ्यात नुसती उड्या मारती!" साहेबांनी सगळ्यांना बोलावून माझी कृती कायम केल्याचं सांगितलं. मला फार अभिमान वाटला. माझा थोडा, तुझाच जास्त.

मग साहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "कुठंतरी वाचलं होतं." तुला तर वाचताही येत नव्हतं, आई. सोमवारी खरं सांगेन असं ठरवतेय, पण मी सांगणार नाही, हेही मला माहीत आहे.

हा कागद कपाटात ठेवते. डबा अजून पिशवीतच आहे, तो घासून पालथा घालते.