दहाच्या दहा पॉइंट वाचनाला

प्रिय बिरदेवा,

पत्र तुझी बहीण पल्लवी लिहिते आहे, बोलते मी. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते आणि शिव्या तर गाळूनच टाकते. तेव्हा जिथं पत्र फार सभ्य वाटेल तिथं एखादी शिवी तूच मनानं घालून घे.

परवा तुझा जुना लॅपटॉप उघडला. लॉकडाऊनमध्ये तू घरी अडकलास तेव्हाचा तो खेळ पल्लवीनं लावला, तर खेळातली आपली हरणा अजून तिथंच उभी, त्या टेकडीच्या पायथ्याला. आठवतं का रं? खेळाआधी माणूस घडवायचं होतं. दहा पॉइंट मिळतात, आज्जे, तलवारीला दे, पळायला दे, जनावरं राखायला दे, गोड बोलायला दे, असं तू एकेक वाचून दाखवलंस. गोड बोलायला नको, ते आपल्या घराण्यात कुणाला झेपत न्हाई, असं म्हणून मी दहाच्या दहा वाचनाला द्यायला लावले. तू कपाळावर हात मारलास. दोन तरी ताकदीला ठेव म्हणालास. मी ऐकते होय! आणि बाईला नावही माझंच दिलंस.

मग काय तिचा थाट! जिथं राजाचे कारभारी अडायचे ते ग्रंथ ही घडाघडा वाचायची. आणि पहिल्याच चढाला लांडगा आला की मरायची. वाचून दाखव की गं त्याला ग्रंथ, म्हणून मी ओरडायचे. माणदेशात मेंढरांमागं जन्म काढलेल्या बाईच्या नावाला लय बट्टा लावला तिनं. चार पॉइंट काढून काठीला दे म्हटलं, तर तू म्हणालास, एकदा दिले की दिले. डोंगरापलीकडच्या एका देवळात परत मिळतात, पण तिथं जायची वाट लांडग्यांतूनच. तेव्हा हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

आपल्यात पोरगा बारा वर्षांचा झाला की दिवाळीनंतर कळपाबरोबर निघतो. कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, मिरगाच्या पावसाआधी परत. पहिल्या वाटेला बाप काठी देतो. तुझ्या बापानं, भाऊसोनं, तुझी काठी बाभळीची तासून ठेवली होती. मी ती माळ्यावर टाकली आणि तुला सांगलीच्या वसतिगृहात. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. तू एसटीच्या खिडकीतून मेंढरं बघत रडत होतास. हे पल्लवी लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

आता सहाव्यांदा त्या सरकारी परीक्षेच्या यादीत तुझं नाव न्हाई. फोनवर तू आवाज पाठवलास, आज्जे, पुस्तकं बांधून ठेवली, दिवाळीला येतो, यंदा कळप मी नेतो, तू शिकव. तो आवाज मी इतक्यांदा ऐकला की पल्लवीनं फोन लपवला. उत्तर दिलं नाही. समोरून तू बोलला असतास तर 'ये रं बाळा' म्हणून गेले असते, आणि ते खोटं झालं असतं.

कळप राहिला नाही, बिरदेवा. श्रावणात भाऊसोचा पाय मुरगळला असं तुला सांगितलं, कारण तुझी परीक्षा होती. त्याला टेम्पोनं उडवलं होतं. गुडघा गेला. अंगणातल्या लिंबापर्यंत जातो आणि तिथं बसून राहतो. घरात वाट चालणारे पायच उरले नाहीत. मंगळवारी आटपाडीकडचा मेंढरांचा व्यापारी गुंडा आला, पैसे मोजले आणि सगळी मेंढरं हाकून घेऊन गेला. काळी म्हातारी मेंढी तेवढी वळून बघत होती. मी तिला शिवी दिली, जा म्हटलं. आणि कळप असता तरी तिशीला टेकलेल्या माणसाला मी काय शिकवणार? मेंढराचं पोट फुगलं तर तू पुस्तक शोधशील.

तुझा आजा वाईजवळ वाटेवर गेला तेव्हा चिठ्ठी आली होती. ती घेऊन मी तीन घरं हिंडले. दोन घरच्यांनी वाचली आणि अक्षर लागत नाही म्हणून परत दिली. तिसऱ्या घरी चंद्राबाईची सून वाचता वाचता रडायला लागली, तेव्हा कळलं. तोवर सगळ्या आळीला ठाऊक होतं आणि मी कपाळभर कुंकू लावून फिरत होते. त्याच दिवशी ठरवलं, माझ्या घरच्या पोराला त्याची बातमी दुसऱ्याच्या तोंडावरून कळायची नाही. तुझे दहाच्या दहा त्यासाठी वाचनाला दिले. परत मिळायचं देऊळ मला कुठं सापडलं नाही. ही बातमीही तू स्वतः वाचावीस म्हणून फोन केला नाही, पत्र धाडलं. खोलीचं दार लाव आणि एकट्यानं वाच.

तुझीच,
तुला वाटेवर न जाऊ देणारी आज्जी, हरणाबाई

खाली अंगठा माझा. फिसकटला असेल तर पल्लवीला बोलू नको, तिनं हात घट्ट धरला होता.